पिवळ्या तळाचे बूट

आमच्या घरातली एकही चादर सरळ नव्हती. अंथरलेली सरळ असायची, त्या बाबतीत आई कडक होती. पण तिच्यावरची छपाई सरळ नसायची. माझ्या चादरीतल्या मोराला भरगच्च पिसारा होता आणि मान नव्हती. संदीपदादाच्या चादरीवरची फुलं एका कडेला इतकी दाटली होती की दुसऱ्या कडेला नुसते देठ उरले होते. पडद्यावरचे पोपट चोचीविना वाढले. याचं कारण असं की माझे बाबा परळच्या एका कापड गिरणीत फोल्डिंग खात्यात तपासनीस होते. तयार झालेलं कापड उजेडाच्या चौकटीवरून सरकत यायचं आणि बाबा उभं राहून त्यातला दोष पकडायचे. कुठे धागा सुटलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे रंगाची शेड जरा हललेली. त्यांनी बोट ठेवलं की तो तागा ‘सेकंड’ ठरायचा, आणि सेकंडचा माल कामगारांना सवलतीत मिळायचा. म्हणजे बाबा दिवसभर जे नापास करायचे तेच आम्ही वर्षभर अंगावर घालायचो. शाळेत माझ्या फ्रॉकला कुणी हसलं की मी सांगायची, हा माझ्या बाबांनी स्वतः नापास केलाय. त्यात मला अभिमान वाटायचा, हे आता लिहिताना माझं मलाच नवल वाटतं.

ही तपासणी बाबा गिरणीच्या दारात ठेवून येत नसत. आईने भाकरी ताटात टाकली की ते ती उचलून कडा बघायचे. वांगं घेताना भाजीवालीच्या टोपलीतलं प्रत्येक वांगं देठाशी दाबून बघायचे, त्यामुळे मुलुंडच्या बाजारात त्यांना लांबून येताना पाहून दोन-तीन भाजीवाल्या माल झाकून घ्यायच्या. गणपतीची मूर्ती ठरवायला गेलो की मूर्तिकार आधीच म्हणायचा, तुम्ही शेवटी या. आत्याला बघायला आलेल्या एका मुलाबद्दल सगळं घर खूश होतं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले की त्याचा डावा खांदा उतरतो. आत्याने त्याच्याशीच लग्न केलं, आणि आजही लग्नातला फोटो पाहिला की आमची सगळ्यांची नजर आधी त्या खांद्यावर जाते. घरात त्यांचे निकाल तीनच होते. पास, सेकंड आणि चिंधी. चिंधी म्हटलं की त्या वस्तूचं काही खरं नव्हतं.

गिरणी बंद झाली त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बाबांना पुढे मुलुंडच्या बाजारपेठेत पडद्यांच्या दुकानात काम मिळालं, कापड मोजायचं आणि कापायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाईक बाईंना आपणहून सांगितलं की ह्या पडद्यात उजवीकडे धागा सुटलाय, दुसरा बघा. बाईंनी दुसरा बघितला, तर बाबांनी त्यातला डाग दाखवला. बाई हात जोडून निघून गेल्या. मालक सज्जन होता. त्याने बाबांना चहा पाजला आणि म्हणाला, तुम्ही फक्त मोजा, बघू नका. तेव्हापासून बाबा दिवसभर न बघता मोजायचे, आणि दिवसभराचं साठलेलं बघणं संध्याकाळी घरी येऊन आमच्यावर काढायचे. आम्ही कुरकुरायचो, पण आई म्हणायची, बघू दे रे त्यांना, कुठेतरी बघायलाच हवं.

आमच्या दोन खोल्या डोंगराच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर होत्या. सकाळी डोंगरावरून माकडं यायची आणि समोरच्या इमारतीच्या पत्र्यावर धावायची, त्या आवाजाने आम्ही उठायचो. मग आईचं शिलाई मशीन सुरू व्हायचं, फॉल-पिको करून देण्याची पाटी तिने दारावर लावली होती. मशीन चालू असलं की आई खूश आणि थांबलं की धागा तुटला, एवढं साधं गणित होतं. रविवारी बाजारातून तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, यायच्या. बाबा त्या परातीत ओतून एकेक तपासायचे, उघडी राहिलेली बाजूला, आणि आई विळीवर बसून म्हणायची, आज जेवण मिळणार की उद्या. तिसऱ्यांचं सुकं, भात, सोलकढी, आणि त्यावर दुपारची झोप. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय ह्या जेवणात आणि झोपेत जो थोडा वेळ असतो तेवढ्यात व्हायचे.

घरात एक रीत होती. बारावी पास झालं की त्या मुलाला एक वस्तू ‘फर्स्ट’ मिळायची. मोठ्या दुकानातून, कोरी, निर्दोष, स्वतः निवडलेली. एकच. त्यानंतर नोकरी लागेपर्यंत मागायचं नाही. दादाने घड्याळ घेतलं होतं आणि ते घालून तो वर्षभर विचारलं नसतानाही वेळ सांगत फिरायचा. माझी बारावी झाली तेव्हा घराला वाटलं की मी घड्याळ किंवा कानातलं मागेन. मी बूट मागितले.

ते बूट मी आधी हेतलच्या पायात पाहिले. हेतल माझी मैत्रीण, पलीकडच्या सोसायटीतली, तिच्या घरी सगळं फर्स्टच असायचं. पांढऱ्या चामड्याचे, घोट्याच्या खाली संपणारे, पुढे बारीक भोकांची रांग, मागे टाचेवर हिरव्या चामड्याचा एक तुकडा आणि खाली दुधावरच्या सायीसारखा पिवळसर तळ. त्यात काहीही चमकत नव्हतं, लाल दिवे लागत नव्हते, नावही लहान अक्षरांत होतं. जुन्या काळी टेनिस खेळणारे असे बूट घालायचे, हे मला हेतलने सांगितलं. मला टेनिसशी देणंघेणं नव्हतं. पण ते बूट पायात असले की हेतल निवांत दिसायची, कुणाला काही दाखवायची गरज नसलेली, आणि मला आयुष्यात तेवढंच हवं होतं. हल्ली माझी मुलगी फोनवर असेच जोड काढून माझ्यासमोर धरते आणि विचारते, आई, घेण्यासारखे आहेत का? मी चष्मा कपाळावर चढवते आणि तळ बघते. सवय जात नाही.

त्या रविवारी तिसऱ्या संपल्यावर चर्चा बसली. आईचं म्हणणं, पांढरे बूट मुलुंडच्या रस्त्यावर दोन दिवसही पांढरे राहणार नाहीत, आणि पंजाबी ड्रेसवर ते नर्सबाईंसारखे दिसतील. शिवाय जूनमध्ये चामड्याला बुरशी येते, ती कोण पुसणार. दादा म्हणाला, तळ सपाट आहे, टाचेला उंची नाही, तुझ्यासारख्या बुटक्या मुलीने असले बूट घ्यावेत म्हणजे कमाल आहे. मी म्हटलं, सपाट आहे म्हणूनच बरा, दिवसभर उभं राहता येतं. “तू कुठे उभी राहणारेस दिवसभर, कॉलेजात जाणार ना?” दादाने विचारलं. मी म्हटलं, कॉलेजात उभंच राहतात. घरातलं कुणीच बारावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे तो मुद्दा मला मिळाला. बाबा ताटातले शिंपले एका बाजूला लावत होते. ते आपल्या मालवणीत म्हणाले, “वस्तू बगूया आधी. बगल्याशिवाय काय बोलूचा?” आणि आडवे झाले. मला आनंद झाला. मला बूट तर हवेच होते, पण त्यावर बाबांचं ‘पास’ही हवं होतं. एकाशिवाय दुसऱ्याला चव नव्हती. अठरा वर्षं मी त्यांनी नापास केलेलं घातलं होतं. एकदा त्यांनी पास केलेलं घालायचं होतं.

मुलुंडला तेव्हा नुकताच मोठा मॉल झाला होता. आई सरकत्या जिन्यासमोर पाच मिनिटं उभी राहिली आणि शेवटी साध्या जिन्याने गेली, त्यामुळे आम्ही दुकानात पोचलो तेव्हा तिला दम लागला होता. माझ्या मापाचा जोड आला. पोनीटेलवाली एक तरुण सेल्सगर्ल तो घेऊन आली, चटपटीत आणि हसरी. बाबांनी बूट तिच्या हातातून घेतला तो दोन्ही हातांनी, प्रसाद घेतात तसा. मग ते सरळ दुकानाच्या काचेच्या दाराकडे निघाले. सेल्सगर्ल घाबरून मागे गेली. मी तिला सांगितलं की ते कुठे जात नाहीयेत, ट्यूबलाइटखाली माल बघणं त्यांना मान्य नाही. बाबांनी उजेडात बूट फिरवला, शिवणीवरून अंगठा फिरवला, आत हात घालून अस्तर बघितलं. नाड्यांखालच्या जिभेच्या कडेला आतला पिवळा फोम उघडा होता, तिथे थांबले. तळ बघितला, पुन्हा बघितला. मग परत येऊन अगदी सौम्यपणे, तिला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, “बाय, हो माल पडान रवललो आसा. तळ बग पिवळो पडलोहा. आणि ही जीभ शिवची रवली. आतून ताजो जोड हाड.”

ती म्हणाली, “नाही काका, तो डिफेक्ट नाहीये. रेट्रो लुक आहे. पिवळा मुद्दाम केलाय.”

“मुद्दाम?”

“हो, जुना वाटायला. नव्या मालातच असं करतात आता. फोम पण मुद्दाम बाहेर ठेवलाय, जुन्या मॉडेलला तसाच होता ना.”

शेजारी एक जोडपं बूट बघत होतं, ते हसलं. सेल्सगर्लही हसली, वाईट अर्थाने नव्हे. आणि मी हसले. का हसले ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या थंड हवेच्या, चकचकीत दुकानात मला बाबांच्या बाजूला उभं राहायचं नव्हतं, एवढंच खरं असावं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी तो बूट खोक्यात कागदावर नीट ठेवला, कागदाची घडी पुन्हा त्यावर घातली आणि म्हणाले, “बरां.” आम्ही काही न घेता निघालो. खाली येताना आई पहिल्यांदा सरकत्या जिन्यावरून उतरली आणि आमच्यापैकी कुणी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

त्या दिवसापासून बाबांनी बघणं सोडलं. आम्हाला कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सुक्या जवळ्याच्या चटणीत आईच्या हातून मीठ दोनदा पडलं. दादाने आणि मी तोंड वाकडं केलं, बाबा निमूट जेवले. भाकरी काठाला करपली होती, ती उलटवून न बघता खाल्ली. बाजारातून वांगी आणली त्यातली निम्मी किडकी निघाली. आईने ती चिरून त्यांच्या पुढ्यात ठेवली, म्हणजे तरी काही बोलतील. ते म्हणाले, “चलता गो. आता सगळाच मुद्दाम करतत.” आईला सुरुवातीला बरं वाटलं असणार, बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवत नव्हतं. पण आठवड्याने ती चिडचिडी झाली. दादाला म्हणाली, घरात माणूस आहे की नाही कळत नाही. मशीनवर बसायची आणि पायडल हलवायचीच नाही. मी माझ्या खोलीत, म्हणजे कपाटाच्या आडोशाला, मान नसलेल्या मोरावर पालथी पडून स्वतःला शिव्या देत होते.

बुटांचा विषय मी काढला नाही. बाबांनीच काढला. एका सकाळी दाढी करताना आरशात बघत म्हणाले, “तुका आवडले मां? मगे घे. संदीपाक घेऊन जा.” मी म्हटलं, “तुम्ही बघितल्याशिवाय नको.” ते म्हणाले, “माका त्यातला कळना नाय.” हे वाक्य त्यांच्या तोंडून मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी खरं तर नको म्हणायला हवं होतं. पण मी अठरा वर्षांची होते आणि कॉलेज आठ दिवसांवर आलं होतं. दादाबरोबर जाऊन मी बूट घेऊन आले. घरी आणून खोकं टेबलावर ठेवलं. बाबा कामावरून आले, खोक्याला वळसा घालून हात धुवायला गेले. मीही ते उघडलं नाही. दोन दिवस खोकं तिथेच होतं, आम्ही त्याच्या आजूबाजूने जेवलो.

तिसऱ्या दिवशी मी लायब्ररीचं कार्ड करायला गेले होते. परत आले तर गॅलरीत वर्तमानपत्रावर माझे बूट वाळत होते आणि आई कृतार्थ चेहऱ्याने शेजारी बसली होती. दादाच्या शाळेच्या पीटीच्या बुटांना लावायची सफेदीची बाटली घरात होती. बाबांना तळाचा पिवळेपणा खटकला, त्यावरून हे सगळं झालं, तर तो पिवळेपणाच काढून टाकावा, असा आईने सरळ विचार केला होता. तिने ब्रश घेऊन दोन्ही तळांना सफेदीचे तीन-तीन हात दिले होते. सफेदी शिवणीच्या खाचेत भरली होती, नाड्यांवर उडाली होती, पुढच्या भोकांत जाऊन बसली होती. तळ निळसर पांढरा, शाळेतल्या भिंतीसारखा दिसत होता. आई म्हणाली, “आता बघ, एकदम नवे. आता काही म्हणतील का ते?” मी जमिनीवर बसून रडले. आईला कळेना की मी का रडते आणि मला सांगता येईना, कारण पिवळा तळ चांगला असतो हे रडता रडता पटवून देणं फार अवघड आहे.

बाबा आले तेव्हा मी अजून गॅलरीत होते. त्यांनी चपला काढल्या, एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे, एकदा बुटांकडे बघितलं. मग लुंगी नेसून आले, पाट घेतला, जुना टूथब्रश, कोमट पाणी, माझ्या एका फ्रॉकची चिंधी. सफेदी पाण्याने सुटते, फक्त धीर लागतो. ते एकेक टाका धूत बसले. ब्रश, मग चिंधी, मग अंगठा. सायीचा रंग हळूहळू परत आला. आईने चहा दिला, तो गार झाला. डावा बूट निम्मा झाला आणि आतल्या बाजूला, अंगठ्यापाशी, त्यांचा हात थांबला. पुन्हा मागे गेला. पुन्हा पुढे आला.

“सुजे, हयसर ये. हात दी.”

त्यांनी माझा अंगठा धरून शिवणीवर ठेवला. “डोळ्यान नको बगू, बोटान बग.” मी डोळे मिटले. टाका, टाका, टाका, मग सपाट, मग टाका. एक टाका सुटला होता आणि त्यापुढचा धागा सैल होता.

“ह्या मात्र मुद्दाम केल्ला नाय,” बाबा म्हणाले.

तीन आठवड्यांनी त्यांचा तो आवाज मी ऐकला. स्वयंपाकघरात आईने मुद्दामच भांडं आपटलं असावं. मी म्हटलं, “मग पास की सेकंड?” ते म्हणाले, “सेकंड. उद्या चालू लागलंस की महिन्याभरान हयसून तोंड उघडतला. बदलून घेवक् होयो.” मी लगेच हो म्हटलं. खरं सांगते, त्या एका टाक्याने माझं काही अडत नव्हतं. मला बाबांना त्या दुकानात परत न्यायचं होतं, आणि ह्या वेळी त्यांच्या बाजूला उभं राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. तीच सेल्सगर्ल होती. तिला टाका दिसेना. तिने बूट दिव्याखाली धरला, फिरवला, म्हणाली, काका, सगळं ठीक वाटतंय. बाबांनी तिलाही बोट लावायला सांगितलं. तिने लावलं, भुवया वर गेल्या, मग तिने मॅनेजरला बोलावून त्याचंही बोट तिथे ठेवलं. मॅनेजरने विचारलं, तुम्ही शू लाइनमध्ये आहात का? बाबा म्हणाले, “नाही, कपड्यात. पस्तीस वर्षं.” एवढी सरळ मराठी ते खास प्रसंगीच बोलायचे. मॅनेजर म्हणाला, माझ्याकडे ह्या मापाचे दोन जोड आहेत, तुम्हीच बघून घ्या. मग बाबा दुकानातल्या त्या लाल गादीच्या बाकावर नीट मांडी घालून बसले आणि बघू लागले. पहिल्या जोडाच्या अस्तराला सुरकुती होती, तो बाजूला गेला. दुसरा त्यांनी फार वेळ बघितला. शिवणी अंगठ्याने मोजल्यासारख्या तपासल्या, तळ दाबला, आत हात घातला. शेवटी दोन्ही बूट घेऊन काचेच्या दाराशी गेले, टाचा शेजारी शेजारी धरल्या आणि मला हाक मारली.

“बग. शेड एकदम सारकी. हेका म्हणतत माल.”

मी बघितलं. डाव्या टाचेचा तुकडा काकडीच्या सालीसारखा गर्द हिरवा होता आणि उजवीचा पोपटी. शेजारी धरल्यावर तर कुणालाही दिसलं असतं, लहान मुलालाही. मला वाटलं ते माझी परीक्षा घेतायत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. परीक्षा नव्हती. ते खूश होते. उन्हात उभे राहून, दोन्ही बूट छातीशी धरून, ते माझ्या होकाराची वाट बघत होते, आणि मागे मॅनेजर, सेल्सगर्ल आणि दोन गिऱ्हाइकं आदराने उभी होती. सेल्सगर्लला दिसलं. तिने माझ्याकडे बघून तोंड उघडलं.

“हो बाबा,” मी म्हटलं, “एकदम सारखी.”

ती तोंड मिटून बिल बदलायला गेली. तिचा मला अजून आदर आहे.

“पास?” मी विचारलं.

“पास,” बाबा म्हणाले, आणि खोकं काखेत मारून पुढे चालू लागले.

घरी दादाने खोकं उघडलं आणि म्हणाला, “अरे, हे दोन...” मी त्याच्या पायावर पाय दिला. आईने बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि म्हणाली, “ह्यांनी बघितलेत ना, मग झालं.” त्या संध्याकाळी तिने भाकरी वाढली तेव्हा बाबांनी ती उचलून कड बघितली आणि म्हणाले, एका बाजूक जाड झालीहा. आईने फणकाऱ्याने तवा खाली ठेवला, पण ती हसत होती. मी मात्र नीट जेवू शकले नाही. त्यांना काय होतंय, किती दिसतंय, हे कुणाला विचारावं मला कळत नव्हतं, आणि ज्यांना विचारायचं ते समोर बसून मजेत भाकरीला नावं ठेवत होते.

कॉलेजात पहिल्याच दिवशी हेतल मागून चालत होती. म्हणाली, “यार सुजा, दोन बूट वेगवेगळे घेतलेस का तू?” मी म्हटलं, “रेट्रो आहे. मुद्दाम केलंय.” तिने मान डोलावली. पुढच्या वर्षी तसाच वेगवेगळ्या टाचांचा जोड घ्यायला तिने माझ्याकडून दुकानाचं नाव विचारून घेतलं. बुटांबद्दल विचाराल तर, मुलीला सांगते तेच सांगते. पहिले पंधरा दिवस टाच चावते. पांढरं चामडं ओल्या फडक्याने रोज पुसावं लागतं, पावसाळ्यात आत वर्तमानपत्र कोंबून ठेवावं लागतं, आणि सपाट तळामुळे मुलुंडच्या पेव्हर ब्लॉकवरचा प्रत्येक खडा कळतो. पण साडी सोडली तर सगळ्यावर चालतात, आणि जुने झाले तरी त्यांचं काही बिघडत नाही, कारण ते आधीच जुने असतात. घेण्यासारखे आहेत. उजेडात बघून घ्यावेत.

मी तिसऱ्या वर्षाला असताना बाबांना मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांना. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात, इतकी वर्षं रंग कसे ओळखत होता? बाबा म्हणाले, ओळखत होतो. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, महिन्याभराने दुसरा डोळाही झाला. मग बाबा घरभर फिरून सगळं नव्याने बघू लागले. आईच्या एका साडीला ते राखाडी समजत होते, ती जांभळी निघाली. पडद्यावरच्या पोपटांकडे बघून म्हणाले, हेंका चोच नाय, पण रंग काय सुंदर आसा. आम्ही हसलो, तेही हसले.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी कॉलेजला निघायला बाहेर आले, तर रॅकमध्ये माझे बूट नव्हते. बाबा गॅलरीत पाठमोरे उभे होते. त्यांनी दोन्ही बूट उजेडात धरले होते, टाचा शेजारी शेजारी. मी कपाटाशीच थांबले. किती वेळ ते बघत होते मला सांगता येणार नाही. पत्र्यावरून माकडं एकदा जाऊन परत आली. आता विचारतील, आणि आता मी काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी उजव्या टाचेवरून एकदा अंगठा फिरवला. मग वळून आत आले, दाराजवळच्या रॅकमध्ये बूट ठेवले. आमच्याकडे टाचा बाहेर ठेवायची पद्धत होती, काढायला सोपं पडतं. त्यांनी टाचा भिंतीकडे केल्या.

मग त्यांनी मला बघितलं. “कॉलेजाक जातंस मां?” ते म्हणाले. “जा, उशीर होतलो.” मी बूट घातले आणि गेले. पुढे ते बूट फाटून टाकून देईपर्यंत मी रोज संध्याकाळी काढायची आणि बाबा ते उचलून टाचा भिंतीकडे करून ठेवायचे.